इम्पोर्टला एरर आला तर बरंच म्हणायचं

एक्सेलची शीट डेटाबेसमध्ये टाकायला घेतली की सगळ्यांना धास्ती असते ती मध्येच एरर येण्याची. पण एरर आला तर एका अर्थी नशीबच, कारण निदान कुठल्या ओळीत काय बिनसलंय ते तरी कळतं. खरी वाट लागते ती इम्पोर्ट सक्सेसफुल असा मेसेज येऊन आत चुकीचा डेटा बसतो तेव्हा.

भानगडीचं मूळ असं की एक्सेलमध्ये प्रत्येक सेल आपल्या मर्जीचा मालक असतो, एकाच कॉलममध्ये वर आकडा, खाली तारीख आणि त्याखाली "नंतर कळवतो" असं टाइप केलं तरी एक्सेल हूं की चूं करत नाही. डेटाबेसमध्ये सहसा टाइप, म्हणजे आकडा, तारीख की मजकूर हा डेटाचा प्रकार, ठरतो तो अख्ख्या कॉलमचा. मग मधल्या कुणीतरी ठरवायला लागतं की हा कॉलम नक्की कसला, आणि इथे अंदाजपंचे कारभार सुरू होतो. मायक्रोसॉफ्टचा जो एसीई ड्रायव्हर एक्सेल फाइल वाचायला वापरतात तो डिफॉल्टने पहिल्या ८ ओळी बघतो, त्यात सगळे आकडे दिसले की कॉलम आकड्यांचा, आणि मग नवव्या ओळीत "ए-१०५" असा कोड आला तर तिथे सरळ नल, म्हणजे रिकामी जागा. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही!

तारखांचं तर विचारूच नका. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे निव्वळ एक आकडा असतो, १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२, त्यामुळे इम्पोर्टनंतर तारखेच्या जागी असले पाच आकडी नंबर दिसले तर घाबरू नका, डेटा शाबूत आहे, फक्त रूपांतर राहिलंय. (याच मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उजाडलाच नाही असा दिवसही आहे, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममधली चूक एक्सेलने मुद्दाम तशीच ठेवली.)

जास्त वाईट प्रकार टेक्स्ट तारखांचा. समजा फाइलमध्ये दिवस आधी आहे आणि डेटाबेस महिना आधी धरतोय. २५/०४/२०२४ ला तो लगेच अडेल कारण पंचविसावा महिना नसतो, पण ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल, ती गपचूप ४ मार्च होऊन आत जाते. लोक काय करतात, एरर आलेल्या तेवढ्या ओळी हाताने दुरुस्त करतात आणि बाकीच्या तशाच सोडतात. म्हणजे जिथे चूक दिसत होती ती गेली आणि न दिसणारी कायमची राहिली. इथे ओळी सुधारत बसू नका, फॉरमॅट सांगून सगळंच परत इम्पोर्ट करा.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार: कोडच्या सुरुवातीची शून्यं उडणं, आणि १५ अंकांपेक्षा लांब नंबर असेल तर पुढचे अंक शून्य होणं. हे एक्सेलमध्ये टाइप करतानाच झालेलं असतं, डेटाबेसला दोष देऊन उपयोग नाही, कॉलम आधीच टेक्स्ट करायला हवा होता. जनुकांच्या नावांनाही याचा फटका बसला, "मार्च१" या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यातून गळाल्या होत्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत.

आणि नंबर स्वच्छ दिसतोय तरी डेटाबेस "हा आकडा नाही" म्हणत हटून बसला असेल तर त्यामागे न दिसणारी स्पेस असू शकते. वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० नंबरचं कॅरेक्टर येतं, ते एक्सेलच्या ट्रिम या फंक्शनने जात नाही, सब्स्टिट्यूट हे फंक्शन वापरून काढावं लागतं. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) सेव्ह करतानाच यूटीएफ-८, म्हणजे मराठी अक्षरंही सांभाळणारं एन्कोडिंग, निवडलं होतं का ते बघा, एकदा प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर त्या फाइलमधून परत मिळत नाही.

माझं मत विचाराल तर मूळ टेबलमध्ये थेट इम्पोर्ट करूच नये. आधी एक स्टेजिंग, म्हणजे तात्पुरतं, टेबल करायचं, त्यात सगळे कॉलम टेक्स्ट, काय वाट्टेल ते आत येऊ दे, मग क्वेरी लावून आकडे-तारखा तपासायच्या आणि चांगल्या ओळी पुढे सरकवायच्या. ओळींची संख्या फाइलशी जुळवा, नल किती ते मोजा, तारखेचं मिनिमम-मॅक्सिमम बघा. सगळ्याच तारखा बरोब्बर ४ वर्षं १ दिवस मागे दिसल्या तर फाइल जुन्या मॅकवाली, १९०४ पासून मोजणारी आहे, १४६२ दिवसांचा फरक मिळवला की काम झालं.