सिकलसेलची पोटदुखी आणि 'सौम्य' हा शब्द

अचानक उठणाऱ्या पोटदुखीच्या दुर्मीळ कारणांत पाठ्यपुस्तके पोर्फिरिया (रक्तातले रंगद्रव्य घडण्यातला बिघाड), शिशाची विषबाधा आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक विकार) एका ओळीत बसवतात. नागपुरात ही ओळ मोडते. पोर्फिरिया इथल्या सर्जनला क्वचितच भेटेल. सिकलसेलचा रुग्ण मे महिन्यात, अंगातले पाणी आटल्यावर, कुठल्याही रात्रपाळीत येऊ शकतो.

भारतात हा विकार १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला, नागपूरची नोंद १९५८ ची. सुरुवातीच्या पाहण्या कोणत्या समाजात किती वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, एरवी सहसा निरोगी), हे मोजण्यात गुंतल्या.

खरा गोंधळ झाला तो १९८० च्या दशकात. ओडिशातल्या रुग्णांवरून 'भारतीय सिकलसेल सौम्य' असे ठरले. कारण पटण्याजोगे होते : गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन इथल्या रुग्णांत मोठेपणीही बरेच टिकते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. विदर्भातल्या रुग्णांना मात्र हा शब्द सैलच बसतो. वारंवार वेदनेने दाखल होणारी मुले इथे कमी नाहीत. शिवाय या सौम्यपणाचीच एक किंमत आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत प्लीहा, म्हणजे पाणथरी, पाच-सहा वर्षांत आक्रसून निकामी होते. इथे ती मोठेपणीही टिकते, म्हणून तिच्यात रक्त अडकण्याचा धोकाही टिकतो. काही तासांत हिमोग्लोबिन दोन ग्रॅम किंवा अधिक घसरते, पोट डावीकडे ताणते, रुग्ण पांढराफटक पडतो. रक्त द्यायचे ते थोडे-थोडे. अडकलेले रक्त नंतर सुटते आणि घाईने दिलेल्या पिशवीमुळे ते जास्त दाट होते.

अपेंडिक्स समजून पोट उघडण्याची चूक दोन कारणांनी होते. एक, पांढऱ्या पेशी बारा-पंधरा हजार असणे या रुग्णांत एरवीचेच आहे. दुसरे, साध्या विद्राव्यता चाचणीत नमुना गढूळ झाला, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन दिसले, तरी वाहक की ग्रस्त हे कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या प्रवाहाने वेगळे करणारी चाचणी, लागते. नमुनाही रक्त चढवण्याआधीच घ्यावा. उलटी चूकही तितकीच घातक : वाहकाच्या पोटदुखीला सिकलसेलचे नाव देऊन खरे अपेंडिक्स फुटू देणे. दुखणे एका जागी स्थिरावले, पोट कडक लागले, आतड्यांचा आवाज थांबला, तर सर्जनला बोलावण्यात उशीर नको.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आले. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले, आणि २०४७ पर्यंत सिकलसेलच्या उच्चाटनाचे. भर पुन्हा मोजणीवर आणि लग्नाआधी दोघांची सिकलसेल-तपासणीची कार्डे जुळवण्यावर. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. भारतात किलोमागे दहा मिलीग्रॅमपासून सुरू करून रक्तपेशी नियमित मोजतात. पण पालकांना पाणथरी चाचपायला शिकवणे बिनखर्चाचे आहे : मूल उताणे, गुडघे दुमडलेले, डाव्या बरगडीखाली बोटे सपाट ठेवून श्वास घ्यायला सांगायचे. कालपेक्षा कडा खाली लागली आणि चेहरा फिकट दिसला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.