नकळत शिकलेला स्थानक्रम

जागांचा एकच क्रम रोज अंगाखालून गेला की शिकायचा इरादा नसतानाही तो अंगवळणी पडतो. मानसशास्त्रात याला अव्यक्त अध्ययन म्हणतात. ही संज्ञा आर्थर रेबर यांनी 1967 साली अक्षरमालिकांवरच्या प्रयोगांतून रूढ केली. जागांच्या क्रमाचा अभ्यास पुढे झाला.

विदर्भात कृषिपंपाला रात्रीच्या विजेची पाळी आली, की ओलितासाठी माणूस अंधारात वावरात निघतो. पांदण, नाल्यातले दगड, काटेरी कुपाटीतली फट, मग धुरा आणि विहिरीवरची स्टार्टरची पेटी. नाल्यात कोणत्या दगडानंतर कोणता, हे त्याला ओसरीत बसवून विचारावे. तो अडखळतो, जागच्या जागी पाऊल उचलून पाहतो, मग सांगतो. पुरात एखादा दगड सरकला तर पाय जुन्याच जागी पडतो आणि पाण्यात जातो. पाय ती जागा शिकला होता, हे तेव्हा कळते.

प्रयोगशाळेतली कसोटीही हीच आहे. मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी 1987 मध्ये पडद्यावरच्या चार जागांपैकी एकीवर प्रकाश दाखवून त्या जागेची कळ दाबायला सांगितली. 10 जागांचा क्रम (4-2-3-1-3-2-4-3-2-1) न सांगता पुन्हापुन्हा येत राहिला. बोटे हळूहळू वेगवान झाली. क्रम विस्कटून जागा कशाही दाखवल्या, तेव्हा हा वेग मिळाला नाही. कोर्साकॉफ विकारामुळे ज्यांची स्मृती ढासळली होती, असे रुग्णही क्रम शिकले, पण काही क्रम होता हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. उलट, ज्यात मेंदूतील बेसल गँग्लिया (हालचालींशी निगडित खोलवरचे भाग) झिजतात त्या हंटिंग्टन विकारात हे शिकणे मंदावलेले आढळले. म्हणजे आठवून सांगणे आणि अंगवळणी पडणे यांचे मेंदूतले मार्ग बरेचसे वेगळे आहेत. न सांगता येणाऱ्या ज्ञानाला अडाणीपणा समजणे म्हणूनच चूक आहे.

हे शिकणे संपूर्ण नकळत होते का, यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे. अनेकांना क्रमाचे तुकडे सांगता येतात. ओलित करणाऱ्याचेही तसेच असते: सदऱ्यात काटा अडकल्यामुळे कुपाटीतली फट त्याला नेमकी आठवते, नाल्यातले दगड मात्र पायालाच ठाऊक असतात.