'अवघे पाऊणशे वयमान' : देवलांची ओळ बोलण्यात कशी रुजली

सांगली-मिरजेकडे कुणाची पंचाहत्तरी असली, की सत्काराच्या भाषणात 'अवघे पाऊणशे वयमान' हे शब्द बहुधा येतातच. ऐकणारे हसून दाद देतात आणि सत्कारमूर्तीही सुखावते. मूळ ओळ मात्र कौतुकाची नव्हती.

'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकातले आहे. देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीलगत कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरचा. त्यांच्या सात नाटकांपैकी 'शारदा' हे एकच स्वतंत्र असून बाकीची भाषांतरित किंवा रूपांतरित आहेत. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १८९९ मध्ये रंगभूमीवर आणले. तेव्हा धनवान वृद्ध विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न लावावे आणि तिच्या बापाने त्यासाठी पैसे मोजून घ्यावेत, असे प्रकार समाजात चालत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, पण लग्नाच्या वयाला हात लावला नव्हता. नाटकातला कांचनभट आपल्या शारदेला भुजंगनाथ या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, तो या पार्श्वभूमीवर.

ही ओळ टिकली, याचे मोठे श्रेय मला देवलांच्या मांडणीला द्यावेसे वाटते. सुधारकाचे व्याख्यान नाटकात या लग्नाला विरोध करणाऱ्या कोदंडाच्या तोंडी शोभले असते, पण हे पद त्यांनी शारदेच्या थट्टेखोर मैत्रिणीला दिले. ती नवरदेवाला म्हातारा म्हणतच नाही. तो तितकासा म्हातारा नाही, असे त्याची बाजू घेतल्यासारखे सांगते आणि लगेच वयाचा आकडा पुढे ठेवते. पुढे 'दंताजींचे ठाणे उठले' असे म्हणताना पडलेल्या दातांनाही 'जी' लावून सरदारी थाट दिला आहे. मराठी घरांतल्या बायकामुली टोमणा मारतात तो असाच, वरवर आदराचा. त्यामुळे ओळ पाठ करावी लागली नाही, ती सहज तोंडी बसली.

१९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो, पण ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले आहे. त्याचा देवलांच्या नायिकेशी संबंध जोडणे चूक आहे. पुढे जरठ-बाला विवाह मागे पडत गेले, तसा ओळीतला डंखही बोथट झाला. शिवाय लोकांनी पदातला लग्नाचा भाग सोडून वयाचा तेवढा उचलला. त्यामुळे हिंडत्याफिरत्या आजोबांना 'अवघे पाऊणशे' म्हणताना तो 'अवघे' शब्द आता खराच वाटतो. दात, कान, डोळे आणि मान यांची दैना सांगणारी पुढची कडवी मात्र सत्काराच्या भाषणात कुणी घेत नाही. ती नाट्यसंगीताच्या मैफलीतच ऐकायला मिळतात.