सार्डिनियाचा ध्वज

इटलीच्या सार्डिनिया या बेटाचा, म्हणजेच त्या नावाच्या स्वायत्त प्रदेशाचा ध्वज. पांढऱ्या कापडावर संत जॉर्जचा लाल क्रूस आणि त्याने पाडलेल्या चार चौकोनांत कपाळाला पांढरी पट्टी बांधलेले एकेक काळे मस्तक, अशी त्याची रचना आहे. ही मस्तके मूरांची, म्हणजे उत्तर आफ्रिका व स्पेनमधील मध्ययुगीन मुसलमानांची. त्यावरूनच ध्वजाला ‘क्वात्रो मोरी’, अर्थात ‘चार मूर’, म्हणतात.

चिन्ह मूळचे बेटावरचे नाही. स्पेनमधील आरागॉन या मध्ययुगीन राज्याचा राजा तिसरा पेद्रो याच्या १२८१ मधील मुद्रेवर ते आढळते. स्पॅनिश आख्यायिका त्याचा संबंध १०९६ च्या आल्कोराथच्या लढाईशी जोडते: संत जॉर्ज रणात प्रकटला आणि विजयानंतर चार मूर राजांची मुंडकी सापडली. सार्डिनियातली कथा वेगळी आहे. तिच्यानुसार मुसलमान सरदार मुजाहिदवर चालून गेलेल्या, इटलीतील पिसा या नगरराज्याच्या सैन्याला पोप आठव्या बेनेडिक्टने हे निशाण दिले. दोन्ही कथांपेक्षा मुद्रेचा पुरावा भक्कम आहे. १३२३ मध्ये आरागॉनच्या फौजा बेटावर उतरल्या आणि पुढे त्यांचे हे चिन्ह सार्डिनियाच्या राज्याचे झाले.

ध्वजाचा खरा जिव्हाळ्याचा भाग म्हणजे ती पट्टी. १७२० पासूनच्या सव्हॉय राजघराण्याच्या राजवटीत ती कपाळावरून डोळ्यांवर घसरली आणि मस्तकांची तोंडे काठीकडे वळली. नक्कल करताना चूक झाली की हे मुद्दाम केले, याविषयी मतभेद आहेत. पण आपलेच डोळे बांधलेले पाहणे अनेक सार्डिनियनांना बोचत राहिले. मुळात ही पराभूत शत्रूंची मस्तके; तरी लोकांनी त्यांत विजेत्याला नव्हे, त्या चौघांनाच आपले मानले, हे या ध्वजाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सार्डिनियन सैनिकांच्या सास्सारी ब्रिगेडने हेच चिन्ह मिरवले आणि युद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९२१ मध्ये स्थापलेल्या स्वायत्ततावादी सार्डिनियन कृती पक्षानेही तेच घेतले.

१५ एप्रिल १९९९ च्या प्रादेशिक कायद्याने पट्टी पुन्हा कपाळावर आली आणि तोंडे काठीच्या विरुद्ध दिशेला वळली. शेजारच्या कॉर्सिकाच्या ध्वजावर असेच एक मस्तक आहे. तिथली डोळ्यांवरची पट्टी अठराव्या शतकात कॉर्सिकन नेता पास्क्वाले पाओलीने वर सरकवली, असे सांगतात.