जहाजयाद्या आणि जर्मन-अमेरिकी पूर्वजशोध

जर्मनभाषक प्रदेशांतून समुद्रमार्गे अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांचे मूळ गाव निश्चित करण्यासाठी बंदरांवरील उतारूंच्या याद्या, नागरिकत्वाचे कागद आणि चर्चच्या नोंदवह्या एकमेकांशी ताडून पाहण्याची वंशावळ-संशोधनातील पद्धत. या शोधात जहाज हे साधन असून साध्य असते ते गावाचे नाव. १८७१ पूर्वी जर्मनी हे एकसंध राज्य नव्हते आणि जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी बहुतांश प्रदेशांत स्थानिक चर्चच ठेवीत असे. मुलकी (सरकारी) नोंदणी संपूर्ण जर्मन साम्राज्यात १८७६ पासून सुरू झाली. ऱ्हाईनच्या पश्चिमेकडील भागात मात्र फ्रेंच अमलामुळे ती अठराव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. त्यामुळे गाव ठाऊक नसेल, तर कोणते दप्तर उघडावे हेच कळत नाही.

या स्थलांतराचा आरंभ सामान्यतः १६८३ मध्ये ‘काँकॉर्ड’ जहाजाने पेनसिल्व्हेनियात उतरलेल्या क्रेफेल्डच्या १३ कुटुंबांपासून धरतात. तुरळक जर्मन माणसे त्याआधीच्या वसाहतींतही होती. तेव्हा हा आरंभ संघटित वस्तीचा समजणे अधिक योग्य. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या परकीय प्रौढ पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. स्त्रिया व मुले या शपथयाद्यांत बहुधा नाहीत, पण त्यांत उतारूंनी स्वहस्ते केलेल्या सह्या आहेत आणि निरक्षरांनी केलेल्या खुणाही आहेत. कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव आणि त्याच माणसाची स्वतःची सही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आडनावाचे मूळ रूप बरेचदा सापडते.

एकोणिसाव्या शतकासाठी ब्रेमेन व हँबर्ग ही दोन बंदरे निर्णायक ठरतात. ब्रेमेनने १८३२ च्या आदेशाने उतारूंच्या याद्या ठेवणे सक्तीचे केले. या बाबतीत ते हँबर्गच्या पुढे होते. तरीही त्या याद्यांचा फार थोडा भाग आज उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत सगळे दप्तर जळाले, असे लोकप्रिय लेखनात वारंवार सांगितले जाते. ते पूर्णतः खरे मानता येत नाही. उपलब्ध माहितीनुसार १८७० च्या दशकाच्या मध्यापासून, जागेच्या टंचाईमुळे, काही वर्षांहून जुन्या याद्या कार्यालयानेच नष्ट करण्याचा प्रघात पडला होता आणि तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालला. म्हणजे स्थलांतराच्या ऐन भरातील नोंदी युद्धापूर्वीच गेल्या होत्या. युद्धात गेले ते उरलेल्यातले. १९२० ते १९३९ या काळातील २,९५३ याद्या मात्र वाचल्या. युद्धकाळात सुरक्षिततेसाठी मिठाच्या खाणीत हलवलेल्या या याद्या पुढे मॉस्कोत आढळल्या. जागा नाही म्हणून लाखो माणसांची नावे रद्दीत जावीत, ही या विषयातील सर्वांत मोठी हानी होय. तिची काहीशी भरपाई म्हणून अमेरिकी बंदरांतील आगमनयाद्यांवरून १८४७ ते १८७१ या काळातील ब्रेमेन-न्यूयॉर्क उतारूंची सूची नव्याने रचण्यात आली. परंतु ज्यांचे मूळ गाव नोंदलेले होते, तेवढेच उतारू तीत आहेत. नाव न मिळाल्यास माणूस गेलाच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

हँबर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या, पहिल्या महायुद्धाचा खंड वगळता, तेथील राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांत थेट व अप्रत्यक्ष असे दोन प्रकार आहेत. थेट यादीतील उतारू हँबर्गहून त्याच जहाजाने सागरपार जात. अप्रत्यक्ष यादीतील बहुतेक उतारू उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडमधील हल बंदरात उतरत, रेल्वेने लिव्हरपूल गाठत आणि तेथून दुसऱ्या जहाजात चढत. अशा माणसाचे हँबर्गमधील जहाज आणि न्यूयॉर्कमधील जहाज यांची नावे जुळत नाहीत, व अनेकांचा शोध येथेच अडतो. यादीतील ‘आतापर्यंतचे वास्तव्य’ हा रकाना बहुमोल आहे, मात्र ते जन्मगाव असेलच असे नाही. फ्रान्समधील ल हाव्र बंदरामार्गे गेलेल्या नैर्ऋत्य जर्मनांच्या व बेल्जियममधील अँटवर्पमार्गे गेलेल्यांच्या प्रस्थानयाद्या फारशा उरलेल्या नाहीत.

अमेरिकेच्या बाजूस १८१९ च्या कायद्यानुसार १८२० पासून आगमनयाद्या मिळतात. आरंभीच्या याद्यांत वय, लिंग, व्यवसाय आणि देश एवढेच असते. ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’ असे एकदा लिहून खाली पानभर पुनरुक्तीच्या खुणा केलेल्या आढळतात. न्यूयॉर्कमध्ये उतरणाऱ्यांसाठी १८५५ ते १८९० कॅसल गार्डन आणि १८९२ पासून एलिस आयलंड ही केंद्रे होती. एलिस आयलंडवरील अधिकाऱ्यांनी आडनाव बदलले, ही समजूत अनेक कुटुंबांत जपलेली असते. वस्तुतः यादी जहाज कंपनी तयार करी व अधिकारी तीवरूनच तपासणी करीत. म्युलरचे मिलर किंवा श्मिटचे स्मिथ झाले ते बहुधा नंतर, शेजाऱ्यांच्या तोंडी आणि कुटुंबाच्या स्वतःच्या सोयीने.

त्यामुळे जाणकार शोधाची सुरुवात अमेरिकेतील कागदांपासून करतात. १९०० च्या जनगणनेत आगमनाचे वर्ष विचारले होते. सप्टेंबर १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज तपशीलवार आहेत, त्यापूर्वीचे न्यायालयागणिक वेगळे व बहुधा त्रोटक. लुथरन व रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथांच्या चर्चमधील मृत्युनोंदींत जर्मन पाद्री कधीकधी गावाचे नावही लिहीत. जुने जर्मन हस्ताक्षर ही आणखी एक अडचण. देवनागरी सराईतपणे वाचणाऱ्यालाही मोडी शिकल्याशिवाय उलगडत नाही, तसेच आजच्या जर्मन वाचकाचे या लिपीपुढे होते. गावाचे नाव वाचता आले तरी नॉयश्टाट नावाची अनेक गावे आहेत. त्यांतील नेमके कोणते, हे १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या साम्राज्याच्या स्थलकोशाच्या आधारे ठरवतात.

व्युर्टेंबर्ग, बाडेन इ. राज्यांत देशांतराच्या परवानगीची कागदपत्रे टिकली आहेत, तथापि सक्तीची लष्करी सेवा टाळून गुपचूप निघालेल्या तरुणांची नोंद त्यांत सापडत नाही. अशा वेळी यादीतील त्या एका ओळीऐवजी तिच्या वरच्या-खालच्या वीसेक ओळी वाचणे उपयुक्त ठरते. गावकरी बरेचदा सोबतीने निघत. शेजारच्या ओळीतील कुटुंबाचे गाव आढळले, तर तेथील चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत हवा असलेला तरुणही मिळण्याचा संभव असतो.