आधी कॅल्साइट, मग डोलोमाइट

समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचा, विषय निघाला की हमखास विचारलं जातं, "म्हणजे कार्बन डेटिंग ना?" नाही. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, काळाबरोबर घटतो. कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ स्थिर आहेत. त्यांच्यावरून वय कळत नाही. कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज; त्यातल्या ऑक्सिजन-१८ वरून मात्र ते किती गार पाण्यात तयार झालं याचा अंदाज बांधता येतो, अर्थात पाण्याची घडण, म्हणजे त्या पाण्यातच ऑक्सिजन-१८ किती होता, हे ठाऊक असेल तर. पाणी एक अंशाने गार झालं की कॅल्साइटमध्ये ऑक्सिजन-१८ हजारी सुमारे ०.२ ने वाढतो.

पंचाईत अशी की चुनखडीत कॅल्साइटबरोबर बरेचदा डोलोमाइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचं खनिजही असतं. त्याच पाण्यातलं डोलोमाइट हजारी सुमारे ३ ने जड, म्हणजे त्यात ऑक्सिजन-१८ तेवढा जास्त. निम्मं-निम्मं मिश्रण तसंच मोजलं, तर पाणी होतं त्याहून सात-आठ अंशांनी गार होतं असं उत्तर येईल!

यावरचा १९६४ सालचा उपाय मला फार आवडतो. बारीक भुकटी निर्वात नळीत २५ अंशांवर फॉस्फोरिक आम्लात टाकायची. एकाच कुकरमध्ये मूगडाळ आणि राजमा लावावा तशी गत होते: कॅल्साइट झटपट विरघळतं, डोलोमाइट रेंगाळतं. पहिल्या तासाचा कार्बन डायऑक्साइड कॅल्साइटचा. पुढच्या तीन तासांचा सरमिसळ, म्हणून सोडून द्यायचा. चौथ्या तासापासून बहात्तराव्यापर्यंतचा डोलोमाइटचा. मात्र डोलोमाइटचे कण अतिसूक्ष्म असले तर तेही पहिल्याच तासात घुसतं, म्हणून भुकटी चाळून घेणं आलंच. शिवाय कार्बोनेटच्या तीन ऑक्सिजन अणूंपैकी दोनच वायूत जातात आणि त्यात जड अणूंना झुकतं माप मिळतं: २५ अंशांवर कॅल्साइटसाठी हजारी १०.२५, डोलोमाइटसाठी थोडं वेगळं. म्हणजे दुरुस्तीही खनिजागणिक वेगळी.

१९८४ मध्ये अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्सवर सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या उल्काश्मात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह अशा मिश्र कार्बोनेटचे कण आहेत. १९९६ साली त्यांत जीवाश्म दिसल्याचा दावा झाला, खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन बोलले आणि गाजावाजा व्हायचा तो झालाच. त्याच सुमारास हे कण ६५० अंशांहून तापलेल्या द्रवातून आले असंही काहींचं म्हणणं होतं. म्हणजे जंतूंचा प्रश्नच मिटला! २०११ मध्ये कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ एकाच रेणूत किती वेळा जोडीने येतात हे मोजलं गेलं. या पद्धतीला पाण्याची घडण ठाऊक असावी लागत नाही. उत्तर आलं १८ अंश, चार कमी-जास्त. याही मोजणीत वायू काढायला तेच फॉस्फोरिक आम्ल लागतं, आणि कोणत्या खनिजाला कोणती दुरुस्ती हा हिशेब तिथेही टळत नाही.