दिवाणी दाव्यात समोरच्याकडचा कागद कसा मागवायचा: प्रश्नावली, कागद हजर करण्याचा अर्ज आणि साक्षीसमन्स

वाटपाचा किंवा खरेदीखताचा दावा चालू असतो आणि नेमका हवा तो कागद समोरच्याच्या कपाटात असतो, नाहीतर बँकेत. तो कोर्टापुढे आणायची सोय दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये आहे. समोरच्या पक्षकारासाठी आदेश 11, तिऱ्हाइतासाठी आदेश 16 (‘आदेश’ म्हणजे इथे संहितेतले नियमांचे प्रकरण). अर्ज वादी करू शकतो, प्रतिवादीही. वकील लावलेला नसेल तर पक्षकार स्वतःही. मात्र जो दाव्यात पक्षकारच नाही त्याच्यावर आदेश 11 खाली अर्ज चालत नाही. पुष्कळ अर्ज इथेच नामंजूर होतात.

अर्ज लिहिण्याआधी तो कागद नकलेने मिळतो का ते बघा. नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक 2 (दस्ताचा नोंदणी-उतारा) दुय्यम निबंधकाकडे मिळते. फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात मिळतो, सातबारा तर डिजिटल सहीचा घरबसल्या निघतो. सरकारी दप्तरातल्या कागदाची प्रमाणित नक्कल पुराव्यात थेट दाखल करता येते. त्यासाठी तलाठ्याला समन्स काढून कोर्टात उभा करणे म्हणजे दोन तारखा फुकट घालवणे. समन्सच्या अर्जावर न्यायाधीशांचा पहिला प्रश्नही हाच असतो: नक्कल का काढली नाही?

आता प्रश्नावली. आदेश 11, नियम 1 प्रमाणे कोर्टाची परवानगी घेऊन समोरच्याला लेखी प्रश्न देता येतात. अर्जासोबत प्रश्नांचा मसुदा जोडावा लागतो, कारण परवानगी त्या मसुद्याला मिळते. एका पक्षकाराला एकदाच. दुसरा संच द्यायचा तर पुन्हा हुकूम हवा. प्रश्न वादाच्या मुद्द्याशी जोडलेले हवेत. उलटतपासात चालून गेला असता असा प्रश्नही इथे गैरलागू ठरू शकतो.

समजा, भाऊ म्हणतो की गटातली दीड एकर माझी स्वकष्टार्जित आहे. त्याला ‘तुम्ही घराण्याची मिळकत बळकावली हे खरे आहे काय?’ असे विचारून हाती काही लागत नाही, तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी: ‘खरेदीची रक्कम रोख दिली की चेकने? चेकने दिली असल्यास कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून? खरेदीच्या वर्षी तुमचे उत्पन्नाचे साधन काय होते?’ एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तरे शपथपत्रावर येतात, सर्वसाधारणपणे 10 दिवसांत. परवानगीचा अर्ज दाखल झाल्यापासून 7 दिवसांत निकाली काढावा असे नियम 2 म्हणतो, पण समोरचा ‘से’ (अर्जावरचे लेखी म्हणणे) द्यायला तारीख मागतो हे धरूनच चाला. अपुरे उत्तर आले तर नियम 11 खाली पुढचा अर्ज करता येतो.

कागदांसाठी सगळ्यात सोपा मार्ग नियम 15 चा, आणि तोच लोक विसरतात. समोरच्याने आपल्या दाव्यात, कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) किंवा शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख केला आहे, तो दाखवा म्हणून साधी नोटीस द्यायची. आधी परवानगी लागत नाही. नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत त्याने तपासणीची वेळ कळवायची असते. त्याने कागद दाखवला नाही, तर योग्य कारण पटवून दिल्याशिवाय तोच कागद पुढे त्याला स्वतःच्या बाजूने वापरता येत नाही. उल्लेख नसलेल्या कागदांसाठी नियम 12 खाली ‘तुमच्याकडे कोणकोणते कागद आहेत ते शपथेवर सांगा’ असा अर्ज, आणि नेमका कागद माहीत असेल तर नियम 14 खाली हजर करण्याचा. ‘सर्व हिशेबाची कागदपत्रे’ असे लिहू नका; कोर्ट त्याला चाचपणी समजते. तारीख, प्रकार, कोणाकोणात झाला, हे लिहा. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार मागता येत नाही.

हुकूम होऊनही पाळला नाही तर नियम 21 कडक आहे: वादीचा दावा काढून टाकता येतो, प्रतिवादीचा बचाव रद्द करता येतो. कोर्ट हे हत्यार मुद्दाम टाळाटाळ दिसल्याखेरीज सहसा उचलत नाही. व्यापारी दाव्यांत, 2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यामुळे, आदेश 11 चे स्वरूपच निराळे आहे; तिथे कागद सुरुवातीलाच दाखल करावे लागतात.

तिऱ्हाइतासाठी आदेश 16 चे साक्षीसमन्स. कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यापासून 15 दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची, यादी दिल्यापासून 5 दिवसांत समन्सचा अर्ज, आणि अर्जापासून 7 दिवसांच्या आत साक्षीदाराचा प्रवासखर्च व भत्ता कोर्टात भरायचा. यादीत नाव राहिले तर पुढे कारण दाखवून परवानगी मागत बसावे लागते. अर्जात साक्षीदाराचे नाव किंवा हुद्दा, पूर्ण पत्ता, कशासाठी बोलावता हे हवे. सोबत प्रोसेस फी (समन्स बजावणीचे शुल्क) आणि विरुद्ध बाजूसाठी प्रत.

कागद हवा की साक्ष, हे स्पष्ट लिहा. फक्त कागदासाठी समन्स असेल तर कोणाच्याही हाती तो पाठवला तरी समन्स पाळल्यासारखे होते, आणि कागद घेऊन आलेला माणूस तेवढ्याने साक्षीदार ठरत नाही. मग खासगी कागद रेकॉर्डला येतो खरा, पण शाबीत करायला कोणी नसते आणि त्याला निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडत नाही. सहीची ओळख पटवायची असेल तर ‘साक्ष देण्यासाठी व सोबत कागद आणण्यासाठी’ असेच मागा. बँक पक्षकार नसेल तर तिच्या अधिकाऱ्याला खातेवही घेऊन बोलवायला 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे विशेष कारण आणि कोर्टाचा हुकूम लागतो. बहुतेक वेळा खातेउताऱ्याची प्रमाणित प्रत पुरते.

बेलिफाकडून बजावणी रखडते. आदेश 16, नियम 7-अ खाली समन्स स्वतःच्या हाती मागून घेता येते. बजावणी व्यक्तिशः करून सही घ्यायची. साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर आणि 100 किलोमीटर किंवा त्याहून दूर राहत असेल तर त्याला सहसा जातीने हजर राहायला लावता येत नाही. बहुतेक वाटेवर रेल्वे किंवा एसटीसारखी नियमित सोय असेल तर ही मर्यादा 500 किलोमीटर. त्यापलीकडच्या साक्षीदारासाठी आदेश 26 खाली कमिशनचा (कोर्टाने नेमलेल्या माणसाकरवी साक्ष नोंदवण्याचा) अर्ज करावा लागतो. रीतसर बजावणी होऊनही साक्षीदार आला नाही तर संहितेच्या कलम 32 खाली वॉरंट, मालमत्तेची जप्ती आणि 5,000 रुपयांपर्यंत दंड असे उपाय आहेत. पण ते मागण्याआधी बजावणीचा अहवाल रेकॉर्डवर आला आहे ना आणि भत्ता वेळेत भरला होता ना, हे तपासून घ्या.